पट्टी उतरवावी, गाणे सोडू नये

वाचकहो, आपल्या घरातील वृद्ध माणसाला आज दिवसभरात आपण काय काय विचारले, याची एकदा मनाशी उजळणी करावी. गोळी घेतली का, पोट साफ झाले का, झोप लागली का, गुडघा कसा आहे. हे सर्व प्रश्न आवश्यक आहेत आणि ते विचारणारे घर काळजी घेणारे घर आहे, यात शंका नाही. परंतु यांपैकी एकाही प्रश्नाच्या उत्तराला त्या माणसाचे मत लागत नाही. शरीराचा अहवाल दिला की उत्तर पुरे होते. ज्याने साठ वर्षे शेतात, कारखान्यात, शाळेत, भावकीत मते मांडली, वाद घातले, निवाडे दिले, त्याला सत्तरीनंतर कोणी मतच विचारत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ सोनईत वैद्यकीय व्यवसाय करताना माझ्या असे ध्यानात आले आहे की, ऐकू येईनासे झाल्यामुळे माणूस जितका गप्प होतो, त्याहून अधिक तो कोणी मत विचारत नाही म्हणून गप्प होतो.

या उणिवेवर मी जो उपाय सुचवणार आहे, तो औषधांच्या दुकानात मिळत नाही. त्यासाठी आपल्याला रेडिओ आणि बँड यांच्याकडे वळावे लागेल. बँड म्हणजे वरातीपुढचा बँड नव्हे. विद्युत गिटार आणि ड्रम यांच्या साथीने स्वतः रचलेली गाणी गाणारा रॉक बँड. आपल्यापैकी अनेकांनी या संगीताला गोंगाट म्हणून कधीच बाजूला सारले असेल. तसे मत असण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि मला मतांविषयीच बोलायचे आहे.

रेडिओ आपल्याकडे रुजला, तोच मते घेऊन. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला स्टुडिओबाहेर काढले. मींड आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद या वाद्यातून निघत नाहीत, असा आक्षेप होता, आणि ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. त्या काळातही भजनांत, कीर्तनांत आणि तमाशाच्या फडांत पेटी वाजतच राहिली. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांना चित्रपटगीते हलकी वाटत, आणि त्यांच्या धोरणामुळे ती आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी निमूटपणे रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी यांचा आवाज ऐकण्यासाठी ज्या ओसरीवर अख्खी आळी जमत असे, तशी एखादी ओसरी आपल्यालाही आठवत असेल. तेथे गाण्यांचा क्रम रेकॉर्डच्या विक्रीवरून आणि श्रोता संघांच्या पत्रांवरून ठरत असे. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू करून श्रोत्यांच्या आवडीला आपल्या घरात जागा दिली.

एकीकडे शासनाचे मत, दुसरीकडे बहुमत. रेडिओवर तिसऱ्या प्रकारचे मतही असते, ते एकट्या माणसाचे. इंग्लंडमध्ये जॉन पील नावाचे निवेदक १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत बीबीसीच्या रेडिओ वनवर आपल्या आवडीची गाणी लावत राहिले. खपाची यादी काय म्हणते, याची ते पर्वा करीत नसत. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाविना गाणारी नवखी मंडळी त्यांच्या कार्यक्रमात हक्काने ऐकू येत. १९७८ मध्ये 'द अंडरटोन्स' या बँडचे एक गाणे त्यांना इतके आवडले की, त्यांनी ते एकाच कार्यक्रमात लागोपाठ दोनदा लावले. या तीन प्रकारांत मला वैद्य म्हणून तिसऱ्याचे महत्त्व अधिक वाटते. शासनाचे मत ऐकून माणूस सुई फिरवतो, बहुमत ऐकून मान डोलावतो. पण एखादा माणूस एकट्याच्या बळावर काही ठामपणे बोलला, तर ऐकणाऱ्याला उत्तर द्यावेसे वाटते. उत्तर द्यावेसे वाटणे ही प्रकृतीची फार चांगली खूण आहे.

आता बँडकडे येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेत होतो. १९८४ मध्ये त्या शहरात 'रॉक मशीन' नावाचा बँड स्थापन झाला होता. उदय बेनेगल यांचा आवाज, महेश तिनईकर यांची गिटार आणि झुबिन बालापोरिया यांचा कीबोर्ड ही त्याची पुढे ओळख झाली. त्या वेळी आपल्याकडचे रॉक बँड बहुधा परदेशी गाणीच वाजवत. या मंडळींनी स्वतःची गाणी गाण्याचा हट्ट धरला. १९८८ मध्ये त्यांचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा पहिला अल्बम आला, तेव्हा आमच्या वसतिगृहात त्या एका कॅसेटवरून दोन तट पडले होते. शरीररचनाशास्त्राचे पुस्तक उघडे टाकून आम्ही मध्यरात्रीपर्यंत भांडत असू. १९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले आणि १९९७ मध्ये तो थांबला. बेनेगल न्यूयॉर्कला गेले. तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, हा बँड पुन्हा उभा राहिला. जुने तिघे होते. बास गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे आले. २०१२ मध्ये त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा नव्या गाण्यांचा अल्बम निघाला. जुन्या मित्रांनी जुनीच गाणी जुन्याच थाटात वाजवली, एवढ्यावर हे पुनर्मीलन थांबले नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

ही हकीकत मी आमच्या गावातील एका निवृत्त शिक्षकांना सांगितली होती. वय चौऱ्याहत्तर, जिभेला धार. तरुणपणी गावातील हौशी ऑर्केस्ट्राचे ते निवेदक होते. साखर कारखान्याच्या वसाहतीतील कामगार आणि शाळेतील शिक्षक मिळून आठ जणांचा तो ऑर्केस्ट्रा. गणेशोत्सव, यात्रा आणि लग्नाच्या आदल्या रात्री त्यांची गाणी रंगत. अॅकॉर्डियन, मेंडोलिन, ढोलक, बोंगो आणि दोन गायक. पुढे कॅसेट आल्या, मग मोठे कर्णे आले आणि ऑर्केस्ट्राची वाद्ये माळ्यावर गेली.

टाळेबंदीच्या काळापासून हे गुरुजी दर आठवड्याला मोबाइलवर अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम ध्वनिमुद्रित करतात आणि ओळखीच्या साठेक लोकांना पाठवतात. त्याला ते आपला रेडिओ म्हणतात. त्यात दोन-तीन गाणी आणि बाकी सगळी मते. मुखडा कोणालाही जमतो, संगीतकाराची परीक्षा अंतऱ्यात होते, हे त्यांचे आवडते मत. शिळ्या भाताला फोडणी देता येते, पण जुन्या गाण्याला दिली की दोन्ही वाया जातात, हे रिमिक्सविषयीचे मत. गेल्या वर्षी जुलैमध्ये त्यांनी एक भाग बँडच्या पुनर्मीलनावर केला. निमित्त होते 'ब्लॅक सॅबथ' या इंग्रज बँडचे, ज्याची बातमी मीच त्यांना वाचून दाखवली होती. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या मैदानावर मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र आले. त्यांचे गायक ऑझी ऑस्बोर्न शहात्तर वर्षांचे होते. कंपवाताने त्यांना उभे राहणे अशक्य झाले होते, म्हणून ते सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायले. त्या कार्यक्रमाचे उत्पन्न कंपवातावरील संशोधनासाठी आणि मुलांच्या रुग्णालयांसाठी होते. सतरा दिवसांनी, २२ जुलै रोजी, त्यांचे निधन झाले. गुरुजींना हे काहीच रुचले नाही. ते म्हणाले, "पंगत एकदा उठली की उठली. पुन्हा त्याच उष्ट्या पत्रावळीवर जाऊन बसू नये. लोकांनी आपल्याला भरल्या गळ्याचे ऐकले आहे, तेच त्यांच्या कानांत राहू द्यावे."

हा भाग ज्यांच्यापर्यंत पोहोचला, त्यांत ऑर्केस्ट्राचे जुने अॅकॉर्डियनवादक होते. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, वय त्र्याहत्तर. सहा वर्षांपासून कंपवात, दोन वर्षांपूर्वी पत्नीचे निधन. कंपवातात आवाज बारीक आणि एकसुरी होतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, त्यामुळे घरच्यांना वाटते की माणसाला काही सांगायचेच नाही. 'हो', 'नको' आणि 'असू दे' या तीन शब्दांवर त्यांचा दिवस निभत असे. सूनबाई भाकरी थापताना गुरुजींचा कार्यक्रम लावून ठेवीत. त्या दिवशी भाग संपला आणि नानांनी हात पुढे करून मोबाइल मागितला. चार मिनिटांचे उत्तर ध्वनिमुद्रित झाले. त्यातील निम्मे शब्द नीट कळत नव्हते, पण राग पुरता कळत होता. दुसऱ्या दिवशी सूनबाई दवाखान्यात आल्या, त्या काही तक्रार घेऊन नव्हे. "डॉक्टर, काल नाना भांडले हो!" हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

नानांचे म्हणणे साधे होते. पंगत पुन्हा बसते, फक्त पत्रावळ नवी घ्यावी लागते. गुरुजींनी पुढच्या भागात त्यावर उत्तर दिले, नानांनी त्या उत्तराला उत्तर दिले, आणि दोन महिन्यांत हा वाद गावातील अनेकांच्या मोबाइलवर फिरू लागला. वादाचा शेवट व्हायचा तसाच झाला. आठ जणांपैकी पाच हयात होते, त्यांना एकत्र बसवायचे ठरले. मला बोलावले ते रसिक म्हणून नव्हे, तर परवानगी देण्यासाठी.

वाचकहो, अशी परवानगी मागायला आपल्याकडेही कोणी येईल. आजोबांना पुन्हा भजनात बसायचे असेल, आजींना भोंडल्याची गाणी म्हणायची असतील, कोणाला जुना तबला माळ्यावरून काढायचा असेल. म्हणून आम्ही काय केले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट पट्टीची. वयानुसार स्वरतंतू पातळ आणि कमी लवचीक होतात, फुप्फुसांची श्वास भरण्याची क्षमता घटते, वरचे स्वर निसटतात आणि लांब तान मध्येच तुटते. पुरुषांचा आवाज थोडा बारीक आणि स्त्रियांचा थोडा जाड होतो. हा आजार नाही, वय आहे. तरुणपणी काळी दोनमध्ये गायलेले गाणे त्याच पट्टीत ओढण्याचा हट्ट केला, तर घसा बसतो आणि मन त्याहून अधिक बसते. आमच्या गायकांनी पट्टी पांढरी एकवर आणली. गाणे तेच राहिले, अब्रूही राहिली. मात्र आवाजातला घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

दुसरी गोष्ट वाद्याची. अॅकॉर्डियन आठ-दहा किलोंचे असते आणि त्याचा भाता डाव्या हाताने ओढावा लागतो. नानांचा डावा हातच अधिक ताठर होता. तेव्हा भजनी मंडळाची पेटी आणली. तिच्या पट्ट्या उजव्या हाताखाली तशाच येतात, आणि भाता दुसरे कोणीही हलवू शकते. ते काम त्यांच्या तेरा वर्षांच्या नातीने केले. ज्या पेटीला रेडिओने तीस वर्षे दाराबाहेर ठेवले, तिनेच येथे अडचण सोडवली. 'जेनेसिस' या बँडच्या २०२१-२२ मधील अखेरच्या दौऱ्यात फिल कॉलिन्स यांनीही असेच केले होते. ते मूळचे ड्रमवादक. मणक्याच्या दुखण्यामुळे आणि हातांच्या नसा दुखावल्यामुळे त्यांना काठ्या धरता येत नव्हत्या. ते खुर्चीत बसून गायले आणि ड्रमवर त्यांचा मुलगा निकोलस बसला. त्या खुर्चीत मला दैन्य दिसत नाही. जे हातातून गेले ते मुलाच्या हाती देणे आणि जे उरले ते आपण वापरणे, ही मला शहाण्या माणसाची वाटणी वाटते.

तिसरी गोष्ट वेळेची. कंपवाताच्या गोळीचा अंमल दिवसभर सारखा नसतो. गोळी घेतल्यानंतर काही वेळाने हालचाल मोकळी होते आणि पुढे पुन्हा आखडते. रुग्णाची मोकळी वेळ कोणती, हे घरच्यांनी आठवडाभर वहीत टिपून ठेवावे. ही गोळी शक्यतो जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी, कारण डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिनांमुळे काहींच्या बाबतीत तिचे शोषण कमी होते. परंतु मात्रेत किंवा वेळेत बदल करायचा तो आपल्या डॉक्टरांना विचारूनच. आम्ही दुपारी चारची वेळ ठरवली. शनी अमावास्येचा दिवस टाळला, कारण त्या दिवशी शिंगणापूरकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे रस्ता मिळत नाही आणि निकडीच्या वेळी रुग्णाला हलवणे अवघड जाते. कार्यक्रम चाळीस मिनिटांचा, मंचाला पायऱ्या नाहीत, खुर्चीला हात असलेले, जवळ पाणी आणि स्वच्छतागृह. ज्यांना हृदयविकार होता, त्यांची आदल्या आठवड्यात तपासणी केली आणि त्या दिवशीची कोणतीही गोळी चुकणार नाही, हे पाहिले.

चौथी गोष्ट कानांची. वयोमानाने आधी वरच्या पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. घरचे लोक मग ओरडून बोलतात, आणि गंमत अशी की, अशा कानांना मोठा आवाज सहनही होत नाही. म्हणून आवाज वाढवण्याऐवजी रेडिओ जवळ आणावा, पंखा आणि दूरदर्शन संच बंद करावा. कानातला मळ तपासून घ्यावा; निम्मी बहिरी वाटणारी माणसे कधी कधी त्यानेच मोकळी होतात. श्रवणयंत्र बहुधा बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेले असते, त्यात गाणे पत्र्यावर पाऊस पडल्यासारखे ऐकू येते. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी सोय असते. ती तज्ज्ञाकडून जुळवून घ्यावी. 'एसी/डीसी' या बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना बहिरेपणाच्या धोक्यामुळे २०१६ मध्ये दौरा अर्धवट सोडावा लागला होता. ते नव्या श्रवणतंत्राच्या मदतीने परतले आणि २०२० मध्ये त्यांच्या आवाजात बँडचा नवा अल्बम आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ९० डेसिबल झाला की ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. गाळप हंगामात कर्णे लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर पाहिले की, मला प्रथम चालकाच्या कानांची काळजी वाटते.

कार्यक्रम हिवाळ्यात झाला. सहा गाणी झाली. दोन ठिकाणी ठेका सुटला आणि एका अंतऱ्याचे शब्द कोणालाच आठवले नाहीत, तेव्हा समोर बसलेल्या बायकांनी ते म्हटले. नानांची बोटे पेटीवर पडताच कंप बराच कमी दिसू लागला. कंपवातात ठेक्याच्या आधाराने हालचाल सुधारते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. चालण्याच्या व्यायामातही आम्ही ठेका वापरतो. हा आजार त्याने बरा होत नाही, गोळी सुटत नाही, पण तेवढा वेळ माणूस आपल्या हातांचा मालक असतो. शेवटी गुरुजी ध्वनिक्षेपकापुढे आले आणि म्हणाले, "माझे मत बदललेले नाही. पत्रावळ मात्र नवी होती, एवढे मान्य करतो." नाना हसले. कंपवाताने जवळजवळ पुसून टाकलेल्या त्या चेहऱ्यावर हसू उमटायला थोडा वेळ लागला, पण ते उमटले.

दोन महिन्यांनी नानांना न्यूमोनिया झाला. कंपवाताच्या पुढच्या अवस्थेत गिळण्याचे स्नायू मंदावतात, अन्नाचा कण किंवा पाणी श्वासनलिकेत जाते आणि त्यातून हा न्यूमोनिया उद्भवतो. जेवताना वारंवार ठसका लागणे, पाणी प्यायल्यावर आवाज घरघरणे, घास तोंडात बराच वेळ राहणे, ही त्याची आधीची चिन्हे. ती दिसताच डॉक्टरांना सांगावे, घास लहान करावे, पूर्ण ताठ बसवून भरवावे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. सूनबाई हे सर्व करीत होत्या. तरीही आजार पुढे गेला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात नऊ दिवसांनी नानांचे निधन झाले.

दशक्रियेनंतर त्यांचे चिरंजीव माझ्याकडे आले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून त्यांनी मनातले विचारले. "डॉक्टर, तो कार्यक्रम केला नसता, तर वडील आणखी राहिले असते का?" काळजी घेणाऱ्या प्रत्येक घरात असा एखादा प्रश्न मागे उरतो, म्हणून माझे उत्तर येथे लिहितो. वैद्यकीय उत्तर असे की, त्या न्यूमोनियाचे कारण गिळण्याच्या स्नायूंत होते. दोन महिन्यांपूर्वीच्या चाळीस मिनिटांच्या बैठकीशी त्याचा संबंध मला दिसत नाही. पण ते मुलगा म्हणून विचारत होते, आणि त्यांना आणखी काही ऐकायचे होते. मी त्यांना म्हणालो, "गेल्या जुलैपूर्वीची दोन वर्षे आठवा आणि त्यानंतरचे महिने आठवा. कोणत्या काळात तुमचे वडील तुमच्या घरात राहत होते?" ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मोबाइल काढला आणि ते चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण मला ऐकवले. त्यांनी ते जपून ठेवले आहे.

आता ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. माणसाला आपल्या आयुष्यातील साधारण दहा ते तीस या वयातील गोष्टी अधिक ठळकपणे आठवतात, असे संशोधनातून दिसून आले आहे. तेव्हा आपल्या वडिलांचा जन्म १९४८ चा असेल, तर १९५८ ते १९७८ या काळातील गाणी निवडावीत. ती आपल्या आवडीची नव्हे, त्यांच्या आवडीची असावीत; सर्वच वृद्धांना पहाटे भजन हवे असते, हा आपला समज आहे. गाणे लावल्यावर "आठवते का?" असे विचारू नये. ती परीक्षा होते, आणि स्मृतिभ्रंशाचा रुग्ण त्या परीक्षेत रोज नापास होत असतो. "कसे वाटले?" किंवा "याच्यापेक्षा मघाचे बरे होते का?" असे विचारावे. आठवण गेली तरी आवड-निवड बराच काळ टिकते, आणि मताला चूक-बरोबर नसते. गाणे ऐकून डोळ्यांत पाणी आले, तर घाबरून लगेच बंद करू नये. हात धरून बसावे. चेहरा ओढला गेला, अस्वस्थता वाढली, तर मात्र थांबवावे. दिवसभर गाणी लावून ठेवू नयेत, त्यानेही असे रुग्ण भांबावतात. वीस मिनिटे, शांत खोलीत, जवळ कोणी तरी बसलेले, एवढे पुरते.

जे वाचक स्वतःच सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांना माझे एक मागणे आहे. आपल्या जुन्या मेळ्यातील, भजनी मंडळातील, नाटकातील जे सोबती हयात आहेत, त्यांची यादी करावी. त्यातील एकाला या आठवड्यात फोन करावा. सगळे जमलेच पाहिजेत, असे नाही. मुंबईच्या त्या बँडचेही तिघेच जुने परतले होते. रिकाम्या जागी नातवंडांना बसवावे.

आणि काळजी घेणाऱ्यांना एवढेच सांगतो. आज रात्री जेवणानंतर रेडिओ त्यांच्या हाती द्यावा आणि गाण्याची निवड त्यांना करू द्यावी. आपल्याला ते गाणे आवडले नाही, तर भिडेपोटी वाहवा करू नये, तसे सरळ सांगावे. त्यांनाही वाद घालायला घरात कोणी तरी हवे असते.